शके 1842 चं पान

पंचवटीत मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे उतरू लागलं की प्रश्न येतोच : "गाव कोणतं? आडनाव?" गिऱ्हाईक शोधतायत असं वाटतं, आणि तसं असतंही. पण यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी असलेल्या इथल्या वह्या या दोन गोष्टींवरच लागतात. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कोणाकडे, हे तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेलं आहे. अकोले तालुक्यातलं आमचं गाव ऐकल्यावर त्या गृहस्थांनी आम्हांला सरळ दुसऱ्याच गुरुजींच्या दारात नेऊन सोडलं.

सोबत आत्या होती. पुण्याहून येताना तिला संगमनेरला घेतलं आणि सिन्नरवरून नाशिक गाठलं. घाटावर तिनं आधी दुतोंड्या मारुतीला हात जोडले. गोदावरीचा पूर किती चढला, हे नाशिककर याच मारुतीवरून ओळखतात. मग म्हणाली, "कागद घेतलास ना?"

कागद म्हणजे कोतवाल बुकाच्या एका पानाची प्रत. गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी मोडी दप्तरं धूळ झटकून बाहेर आली. त्यांतलं आमच्या गावचं पान चुलतभावानं मिळवलं आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतलं. ऑक्टोबर 1918, एकाच घरातले तीन मृत्यू, कारण 'ताप'. मानमोडीचे, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस. पणजोबा, त्यांचा थोरला मुलगा आणि 'अमक्याची बायको' एवढीच ओळख असलेली एक सून. भावकीच्या ग्रुपवर त्या तिघांबद्दल रात्रभर मेसेज चालले. पण मागे राहिलं कोण? मृत्यूच्या नोंदीत ते कुठून सापडणार?

गुरुजींनी रुमाल सोडला. लांबट वही, मधेमधे वाळवी लागलेली. मोडीत शिरोरेघ आधीच ओळभर ओढलेली असते, तिच्याखाली हात न उचलता अक्षरं पळत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. मला एक अक्षर लागेना, गुरुजी पाढे म्हटल्यासारखे वाचत होते. शके 1842. त्यात 78 मिळवले की 1920. सिंहस्थाचा काळ, त्यामुळे गावंच्या गावं आलेली. पणजोबांचा धाकटा भाऊ, बरोबर दोन पुतणे. सहीच्या जागी नांगराची निशाणी.

दोन पुतण्यांपैकी एक आमचे आजोबा. दुसऱ्याचं नाव आत्यानं पुन्हा वाचायला लावलं.

"आबांना भाऊ होता?"

मी काय सांगणार? आबा तिचे वडील. अख्ख्या हयातीत त्यांनी भावाचा विषय काढला नव्हता. गुरुजींना मात्र ठाऊक होतं. पानं उलटत त्यांनी त्या भावाच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या नोंदी दाखवल्या. गाव आता चाळीसगाव तालुक्यातलं, अक्षर देवनागरी आणि शाई बॉलपेनची. शेवटची नोंद 2015 च्या सिंहस्थातली, मोबाइल नंबरासकट.

या वह्यांचं कौतुक करताना एक विसरू नये. ज्याच्याकडे नाशिकला यायला वाटखर्च होता तोच यात आहे. आणि आमच्या त्या जुन्या पानावर एकही बाई नाही. आत्याच्याही ते लक्षात आलं होतं. आमची नवी नोंद घालायला गुरुजींनी पेन उघडलं तेव्हा ती पुढे सरकली : "माझं लिहा. माझ्या दोघी मुलींचंही. माहेरच्या वहीत चालत नसेल तर तसं सांगा." गुरुजी हसले, "चालतं की." लिहिलं. दक्षिणेवरून घासाघीस झाली नाही, उलट चहा मिळाला.

बाहेर येऊन मी तो नंबर लावला. पलीकडे माझ्याच वयाचा आवाज. मी सगळं सांगितलं : पणजोबा, मानमोडी, दोन भाऊ, वही. थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग त्यानं विचारलं, "दादा, जमिनीचं काही नाही ना?"

आत्यानं फोन ओढून घेतला. "नाही रे बाबा. तुझ्या घरी बाया किती आहेत तेवढं सांग, नावं लिहून घ्यायची आहेत."