काकांच्या धनुष्यावरचा ४५

काका गेल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावरून त्यांचं धनुष्य खाली काढलं. १९६०च्या दशकातला अमेरिकन रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. आत मेपलच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी काळं फायबरग्लास. पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, सरळ होत्या, कुठे चीर नव्हती, पण पॉलिशचे पापुद्रे निघत होते. मुठीच्या जरा खाली कोणा कारागिराने पांढऱ्या शाईने, हाताने लिहिलेलं: ६२, ४५#, २८. म्हणजे लांबी ६२ इंच, आणि दोरी २८ इंच ओढली की ताण ४५ पौंड. # ही पौंडाची खूण.

ही शाई पॉलिशच्या थरात होती. पॉलिश काढलं की तीही जाणार. तेवढा चौकोन राखून बाकीचं घासावं असं आधी मनात होतं, पण # ची एक रेघ पापुद्र्याबरोबर निघून गेलेली दिसली आणि तो विचार सोडला.

ओळखीच्या सुताराने हीट गन सुचवली. ती अजिबात वापरू नये. या पट्ट्या बहुतेक इपॉक्सीने जोडलेल्या असतात, तापल्या की सुटू शकतात. मी ३२० आणि ४००चा पॉलिश पेपर हातानेच फिरवला, फायबरग्लासचे धागे उघडे पडायच्या आत थांबलो.

त्याआधी मात्र दोन संध्याकाळी फक्त अक्षरांसाठी दिल्या. टॉर्च आडवा धरून फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. मग ट्रेसिंग पेपर चिकटवून टोकदार पेन्सिलने छाप घेतला. ४ चं डोकं उघडं होतं. ५ ची वरची रेघ शेवटी, वेगळी मारलेली, जरा वर उडालेली. ८ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल, आणि खालचा गोल पुरता मिटलेलाच नव्हता.

जुन्या काचेवर सराव केला. माझे आकडे छापासारखेच येत होते, तरी मेलेले दिसत. रावपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या एका पेंटरकाकांना दाखवले. ते म्हणाले, "तू अक्षर काढतोयस. त्याने लिहिलंय. रेघ कुठून सुरू झाली ते बघ, मग छाप बाजूला ठेव." भिंगाखाली पाहिलं तर जिथे टाक टेकला तिथे शाईचा ठिपका दाट होता. तिथूनच सुरुवात करायला लागलो. ४ उतरायला चार दिवस लागले.

धनुष्यावर आधी पॉलीयुरेथेन वॉर्निशचे दोन पातळ हात दिले. श्रावणातली बडोद्याची दमट हवा, म्हणून चांगले दहा दिवस सुकू दिले. मग ६००चा पेपर अगदी हलका फिरवला, नाहीतर गुळगुळीत थरावर शाईचे थेंब होतात. त्यावर बारीक टाकाने पांढरी अ‍ॅक्रिलिक शाई.

घाई एकदाच केली. शाई वरवर सुकली म्हणून त्याच रात्री ब्रश फिरवला आणि २८ शेपटासारखा ओढला गेला. खालचा थर पक्का होता, म्हणून टर्पेंटाइनच्या बोळ्याने ओलं वॉर्निश आणि ओल्या कापडाने शाई पुसून निघाली. पुन्हा लिहिलं, दोन दिवस थांबलो आणि वरचा पहिला हात ब्रशने न देता स्प्रेने, नुसता फवारा उडवून दिला.

दोरी ५९ इंचाची मागवली. धनुष्याच्या लिहिलेल्या लांबीपेक्षा ती ३ इंच कमी लागते. चढवून २८ इंचांवर काट्याने ताण मोजला तर साडेएकोणीस किलो, म्हणजे ४३ पौंड. घरात वाद झाला, आता खरा आकडा लिहावा की नाही. मी ४५ तसाच ठेवला. तो आकडा त्या कारागिराने मोजून लिहिलेला आहे. माझा ४३ तारखेसकट चिठ्ठीवर लिहून खोळीच्या खिशात घातला.

दसऱ्याला शस्त्रपूजेत ते पाटावर मांडलं. काकू कुंकवाचं बोट घेऊन आली. म्हटलं, "काकू, इथे नको, मुठीवर लाव." तिने मुठीवर लावलं, आणि मग चष्मा वर करून ४५ बराच वेळ बघत राहिली.