नेदरलँड्समध्ये लग्न की रजिस्टर्ड पार्टनरशिप?

मुहूर्त काढून बसलेल्यांनी आधी हे वाचावं. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेत कायदेशीर लग्न लागल्याशिवाय धर्मगुरूने लग्नाचे विधी करायचे नाहीत. केले तर शिक्षा त्यालाच. आपल्याकडे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं आणि नोंदणीचं मागाहून बघतात. इथे आधी सही, मग सप्तपदी. धर्माच्या बाबतीत एवढा मोकळा म्हणवणारा देश अंतरपाटावर मात्र पहारा ठेवतो, याची मौज वाटते.

घरच्यांना खरा धक्का बसतो तो पुढे. त्याच नगरपालिकेत लग्नाच्या जोडीला रजिस्टर्ड पार्टनरशिपही मिळते, 1 जानेवारी 1998 पासून, स्त्री-पुरुष जोडप्यांनाही. मुलीने 'आम्ही पार्टनरशिप करतोय' म्हटलं की पुण्याहून पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे लग्नाशिवायच राहणार?' तसं नाही. वारसा, कर, पेन्शनची वाटणी, एकमेकांच्या पोषणाची जबाबदारी, सगळं लग्नासारखंच. 1 एप्रिल 2014 पासून पार्टनरशिपमध्ये जन्मलेल्या मुलाचा बापही आपोआप बाप ठरतो. फरक उरतो तो बारीक. लग्नात अधिकाऱ्यासमोर 'हो' म्हणावंच लागतं, पार्टनरशिपमध्ये सही पुरते. आणि मोडताना: अल्पवयीन मूल नसेल आणि दोघं राजी असतील तर पार्टनरशिप वकील किंवा नोटरीमार्फत करार करून संपवता येते, लग्नाला कोर्ट चुकत नाही. मूल असेल तर दोन्हीकडे कोर्ट आणि मुलाच्या संगोपनाचा लेखी आराखडा.

मालमत्तेचंही तसंच. 1 जानेवारी 2018 नंतर जोडलेल्यांचं आधीचं ज्याचं त्याचं, वारशाने किंवा भेट म्हणून आलेलंही ज्याचं त्याचं, बाकी निम्मं-निम्मं. वेगळं हवं तर नोटरीकडे करार. (हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे, विद्यापीठातून कायदा शिकलेला, आणि फी त्याच मानाने.) 'नवराबायकोत कसली वाटणी' म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात तिथे, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक. तेव्हा डच लोकांनी आपल्याला फार नवं काही शिकवलेलं नाही. लग्न भारतात लागलं पण पहिला संसार इथे थाटला, तर 29 जानेवारी 2019 नंतरच्या लग्नांना, वेगळी निवड केली नसेल, तर हाच डच नियम लागतो. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

जे काहीच करत नाहीत, नुसते एका पत्त्यावर राहतात, त्यांचं अवघड. मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला वारशात छदाम नाही. मृत्युपत्र असलं, पण नोटरीकडचा सहजीवनाचा करार नसेल आणि पाच वर्षं एकत्र राहून झाली नसतील, तर वारसाकर 30 ते 40 टक्के. करारात परस्पर पोषणाचं कलम असेल तर सहा महिने पुरतात आणि सुमारे आठ लाख युरोपर्यंत कर नाही. मूल होणार असेल तर बापाने नगरपालिकेत पितृत्व मान्य करावं, ते जन्माआधीही करता येतं. 2023 पासून त्याबरोबर पालकत्वाचा हक्कही मिळतो.

आता कागद. लग्न असो वा पार्टनरशिप, किमान दोन आठवडे आधी सूचना, दोन ते चार साक्षीदार, आणि परदेशी जन्म असेल तर जन्मदाखला अपॉस्टिलसह (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र). नोकरीवर आलेल्यांचं नाव नगरपालिकेत बऱ्याचदा पासपोर्टवरूनच नोंदलेलं असतं, दाखला कोणी मागितलेला नसतो, आणि इथे येऊन गाडी अडते. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री'. असलं तर आईचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. मधलं नाव बापाचं, ते डच संगणकात कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाला. समोरचा कारकून सभ्यपणे सांगतो, 'या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.' त्याचं चूक नाही, पण बाप, आजोबा आणि गाव नावावरून ओळखणारी आपली पद्धत त्याच्या चौकटीत मावत नाही, हा काही आपला दोष नव्हे! उपाय क्रमाने: आधी जन्मगावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला काढा, त्यावर राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. दाखला फक्त मराठीत असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. मराठी-इंग्रजी असेल तर भाषांतर सहसा लागत नाही. नावातला फरक प्रतिज्ञापत्राने मिटेल असं धरून चालू नका. अविवाहित असल्याचा दाखला सर्वांत शेवटी काढा, कारण जुना झाला की चालत नाही.

निवड करताना मात्र मी भारताकडे बघून करायला सांगेन. जोडीदाराच्या व्हिसासाठी डच सरकार लग्न मागत नाही, टिकाऊ नातं पुरतं. आपल्या कायद्यात पार्टनरशिप नावाची वस्तूच नाही. डच जोडीदाराला ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात ये-जा करायला, राहायला मिळणारं कार्ड) हवं तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. उद्या अमेरिकेत बदली झाली तर एच-4 व्हिसा, म्हणजे नोकरीवर जाणाऱ्याच्या जोडीदाराचा, नवराबायकोलाच. समलिंगी जोडप्यांना भारतात दोन्हींचा उपयोग नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्नही दिलं नाही, बहुमताने सिव्हिल युनियन (लग्नाशिवाय जोडीला कायदेशीर मान्यता) हीही नाही. पण तिसऱ्या देशात जायचं झालं तर लग्नाचा कागद जास्त ठिकाणी चालतो.

पार्टनरशिप करून बसलेल्यांनाही वाट आहे. नगरपालिकेत ती लग्नात बदलून मिळते. फक्त लग्नाची तारीख बदल केल्या दिवसाची धरतात, त्यामुळे ओसीआयची दोन वर्षं तिथून मोजायची. उलटा बदल, लग्नातून पार्टनरशिप, 1 मार्च 2009 पासून बंद आहे. लोक झटपट काडीमोडासाठी ती पळवाट वापरायला लागले होते.