खाणकामगाराच्या पदकामागचा माणूस शोधताना: उत्तर फ्रान्स

लीलमध्ये आमच्या शेजारच्या आजींकडे त्यांच्या वडिलांचं पदक आहे. पुढे टोपी घातलेली मारियान, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाची प्रतीक-स्त्री, मागे कोरलेलं नाव आणि साल, तिरंगी फितीवर मधोमध कापडी फूल. वडील पोलंडहून आले आणि कोळशाच्या खाणीत राबले, एवढंच आजींना ठाऊक. कुठली खाण, काय काम? ते शोधायला मी दुए शहराजवळच्या लवार्दच्या खाण केंद्रात, म्हणजे खाणीच्या संग्रहालयात, जाऊन आले. तुमच्यापैकी कुणी अशाच शोधात असेल तर हे उपयोगी पडेल.

आधी पदकच नीट बघा. हे सरकारी श्रमसन्मान पदक, फक्त खाणवाल्यांचं नव्हे. सन २००० च्या नियमांप्रमाणे नोकरीच्या २० वर्षांना रुपेरी, ३० ला सोन्याचा मुलामा दिलेलं, ३५ ला सोनेरी, ४० ला मोठं सोनेरी. पूर्वीच्या अटी वेगळ्या होत्या, त्यामुळे नुसत्या रंगावरून नोकरीचा हिशेब मांडू नका. रुपेरी पदकाची फीत साधी असते. फूल असेल तर दर्जा वरचा. आमच्या पदकावर खाणीचं नाव नव्हतं, पण पदक प्रीफेक्टच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी प्रमुखाच्या, आदेशाने मिळतं, १ जानेवारी किंवा १४ जुलैला. म्हणून आधी जिल्हा ठरवा. माणूस लाँसकडचा असेल तर पा-द-काले जिल्ह्याचं अभिलेखागार, ते अरासजवळ दँव्हिलला आहे; दुएकडचा असेल तर नॉर जिल्ह्याचं, ते लीललाच.

पोलिश नावांचं जपून. १९१९ च्या फ्रान्स-पोलंड करारानंतर हजारो कुटुंबं इथे आली आणि कारकुनांनी नावं कानाला लागतील तशी उतरवली. जन्मतारीख धरून शोधा, आडनावाची दोन-तीन रूपं हाताशी ठेवा. शिवाय या पट्ट्यातल्या खाणी १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. त्याआधीची नोकरी खाजगी कंपनीच्या दप्तरात, नंतरची सरकारी मंडळाच्या. दोन्ही चाळायलाच हवीत.

लवार्दचं खाण केंद्र म्हणजे जुनी दलोआ खाण. इथून १९३१ ते १९७१ कोळसा निघाला. कपडे बदलायच्या दालनात मी बराच वेळ थांबले. छतापासून साखळ्या लोंबतायत, त्यांना अडकवलेले कोट आणि बूट. कामगार आपली साखळी खाली ओढायचा, घरचे कपडे टांगून वर चढवायचा आणि खाली उतरायचा. पुढे दिव्यांची खोली. प्रत्येकाचा नंबराचा बिल्ला असायचा. कोण खाली आहे आणि कोण वर आलं, ते त्यावरून कळायचं. तुमच्या घरात असा बिल्ला असेल तर पदकाबरोबर तोही घेऊन जा.

एक गोष्ट मला फार लागली. दगडी धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, सिलिकोसिस, फ्रान्समध्ये व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य झाला तो २ ऑगस्ट १९४५ ला. पदक ज्या वर्षांचा गौरव करतं, त्याच वर्षांत फुप्फुसं भरत गेली. त्यामुळे पदकाच्या कागदांवर थांबू नका, भरपाईचेही शोधा.

केंद्र जानेवारीत बंद असतं. कागदपत्रं बघायची तर आधी वेळ ठरवूनच जा. खाजगी माहितीच्या फाइली साधारण ५० वर्षं खुल्या होत नाहीत, वैद्यकीय फाइलींचे नियम वेगळे, तेव्हा नात्याचा पुरावा सोबत असू द्या. रूबेमध्ये जुन्या कापडगिरणीत श्रमजगताचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथेही विचारा. गाडी असेल तर नव्ह-शापेलचं भारतीय सैनिकांचं स्मारकही बघून या. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्या त्या गावात लढल्या होत्या.