आधी भेटते, मग सांगते

शनिवार, रात्री सव्वाबारा

लेक तासाभरापूर्वी घरी आली. जेवण झालंय म्हणाली, वाटीभर ताक प्यायली आणि झोपली. मी मात्र जागी आहे. संध्याकाळी सासूबाई जे बोलल्या ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

ती एका मुलाला भेटायला इथे कोल्हापुरातच, राजारामपुरीत गेली होती. ओळख डेटिंग ॲपवरची. आधी बरेच दिवस चॅटिंग, मग फोन, आणि आज पहिली भेट. हे तिनं मला बुधवारीच सांगितलं, मी कणीक मळत असताना, ओट्याला टेकून. मुलगा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग आहेत, वाचायची आवड आहे. फोटो दाखवले. मी सवयीनं विचारलं, "आडनाव काय?" ती म्हणाली, "माहीत आहे. पण आधी भेटते, मग सांगते."

मला त्या उत्तराचा राग आला नाही. उलट तीन दिवस मी त्याचाच विचार करतेय.

ह्यांनी गेल्या वर्षी तिचं नाव वधू-वर सूचक केंद्रात घातलं. त्या बायोडाटाचा कागद माझ्या कपाटात आहे. कुळ, देवक, रास, नाडी, गण, उंची, पगार, मामाचं आडनाव आणि गाव, खाली पै-पाहुण्यांची यादी. मुलीला काय आवडतं याला अर्धी ओळ, तीही शेवटी: "छंद : वाचन, ट्रेकिंग". समोरून फोन आला की पहिला प्रश्न "पाहुणे कोण तुमचे?" मुलगी कशी आहे हे विचारेपर्यंत फोन संपलेला असतो. ॲपवर निदान पहिलं नावच दिसतं. माणूस आधी कळतो, त्याचं कूळ नंतर. आमच्या घरात अशी ओळख पहिल्यांदाच होतेय आणि मला ती बरी वाटते.

माझं लग्न १९९७ सालचं. लग्नाआधी ह्यांच्याशी मी बोलले ते माहेरच्या गच्चीवर दहा मिनिटं, त्यातली निम्मी पाण्याच्या टाकीशेजारी गप्प उभं राहण्यात गेली. संसार चांगला झाला. पण तो चांगला होईल हे त्या दहा मिनिटांत ना मला कळलं होतं, ना ह्यांना. माझ्या सख्ख्या मामेबहिणीलाही तेवढीच दहा मिनिटं मिळाली होती, आणि तिचं काय झालं ते सगळ्या घराला ठाऊक आहे.

या गावाची गंमत नाही, दुःख वाटतं. छत्रपती शाहू महाराजांनी इथे १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ साली आंतरजातीय, आंतरधर्मीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. इंदूरच्या होळकरांशी सोयरीक जमवून मराठा-धनगर विवाहांचा पायंडा पाडायला ते स्वतः पुढे झाले. दरवर्षी जूनमध्ये आपण त्यांची जयंती साजरी करतो, पुतळ्याला हार घालतो, आणि घरी येऊन पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो. मीही बुधवारी तोच विचारला.

पोरं लपवतात ती या प्रश्नामुळे. ॲपला, मोबाईलला, पुण्या-मुंबईच्या वाऱ्याला शिव्या घालणाऱ्यांना मला हे सांगायचंय. लेकीच्या एका मैत्रिणीचं गेल्या वर्षी एका मुलाशी जमलं होतं. जात वेगळी. घरी कळलं तर फोन काढून घेतील, नोकरी सोडायला लावतील, महिन्यात कुठलं तरी स्थळ ठरवतील, हे तिला पक्कं माहीत. म्हणून भेटी कुठे, तर पन्हाळ्याच्या वाटेवर नाहीतर पार्टिशन टाकलेल्या कॅफेत, जिथे ओळखीचं कुणी बघणार नाही. रंकाळ्यावर बसावं तर काका, मामा, शेजारी, कुणीतरी भेटणारच. पुढे त्या मुलाचं खरं रूप दिसलं. हिनं नातं तोडायचं म्हटल्यावर तो फोटो घरी पाठवायच्या धमक्या देऊ लागला. त्या पोरीचे हाल मी पाहिलेत. तिला त्या मुलाची जेवढी भीती होती, त्याहून जास्त वडिलांची होती. शेवटी ती आमच्याकडे आली, माझ्या लेकीनं मला उठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत पोलिसांत गेले. तिथली महिला हवालदार पहिल्यांदा म्हणाली, "आधी का नाही आलीस गं?" पोरगी नुसती रडत होती.

अशा कॅफेंवर धाड पडल्याच्या बातम्या येतात, खाली लोक टाळ्या वाजवतात. त्या पोरांना उजेडात बसायला आपण जागा कुठे ठेवली, हे कुणी विचारत नाही.

सगळंच नवं मला आवडतं असं नाही. महिनोन् महिने एखादीशी बोलायचं आणि एक दिवस काही न सांगता गायब व्हायचं, ही पद्धत क्रूर आहे. पोह्यांच्या कार्यक्रमातही "कळवतो" म्हणून गेलेले कित्येक जण कधीच कळवत नसत, पण तेव्हा मन तेवढं गुंतलेलं नसायचं. लेकीला मी स्पष्ट सांगितलंय, तुला नको असेल तर तोंडानं नको म्हण.

आता सासूबाईंचं. ही सात वाजता तयार होऊन निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं रात्रीचं कशाला बाहेर?" मी म्हटलं, "आई, अष्टमीला अंबाबाईचं वाहन नगरप्रदक्षिणेला निघतं, तेव्हा तुम्ही गुजरीच्या कोपऱ्यावर बारापर्यंत उभ्या असता की." त्या म्हणाल्या, "ते देवीचं." खरं आहे, ते देवीचं. पण त्या रात्री रांगोळ्या काढणाऱ्या, नटून आलेल्या, लेकरं कडेवर घेतलेल्या हजारो बायका रस्त्यावर असतात आणि कुणाला भीती वाटत नाही, कारण तिथे बायका असतात, दिवे असतात, दुकानं उघडी असतात. रात्र तीच आहे. आणि धाकटा अकरा वाजता मित्रांबरोबर गंगावेशीत दूध प्यायला जातो, त्याला आजवर कुणी हटकलेलं नाही.

मला खरी धास्ती आहे ती दारू पिऊन गाडी चालवण्याची. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं. आपल्याकडे बिअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५, पण हायवेच्या ढाब्यांवर वय कोण विचारतं? म्हणून माझ्या अटी गाडीच्या आहेत. स्वतःच्या स्कूटरनं जायचं, स्वतःच्याच स्कूटरनं यायचं. पिणाऱ्याच्या मागे बसायचं नाही, तो कितीही ओळखीचा असो. जागा चारचौघांतली, लोकेशन मला चालू. अडचण आली तर ११२ आणि मग मी, किंवा आधी मी. फोन केलास म्हणून कधीही बोलणी खावी लागणार नाहीत, हे मी तिला देव्हाऱ्यासमोर उभी राहून सांगितलंय.

आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की मुलगा चांगला आहे, फार बोलतो, बिल अर्धं-अर्धं केलं. पुन्हा भेटेल की नाही, ते ठरलेलं नाही. आडनाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे अजून नाखूश आहेत. उद्या रविवार, सगळे घरी असतील, तेव्हा बोलणार आहे. दोन्ही मुलांना परतायची वेळ एकच, साडेअकरा, आणि गाडीच्या अटीही दोघांना त्याच. धाकटा कुरकुर करेल. सासूबाईंची समजूत काढायला जरा वेळ लागेल.