सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल

सजीवांच्या शरीरातलं रसायनशास्त्र आमच्या पुस्तकात मोजक्या पानांत आटोपलेलं होतं. आपल्या शाळेत मात्र ते प्रकरण आठवडेच्या आठवडे चालायचं. विज्ञानाच्या बाईंना ते उरकायचंच नसायचं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं गेलं, तेव्हा त्या तासांबद्दल लिहायचं हे मी लगेच ठरवलं. आज मी एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. त्या कामाचा पाया बाईंनीच घातला.

बाई फळ्यावर लिहायच्या, ‘विद्यार्थी, वजन ४० किलो.’ त्याखाली हिशेब मांडायच्या: ऑक्सिजन २६ किलो, कार्बन ७ किलोहून थोडा जास्त, हायड्रोजन ४ किलो, नायट्रोजन सव्वा किलोच्या आसपास, कॅल्शियम ६०० ग्रॅम, फॉस्फरस ४०० ग्रॅम. लोह तर दोनएक ग्रॅमच. मग विचारायच्या, “यातलं असं काय आहे, जे बाहेरच्या मातीत, हवेत आणि पाण्यात नाही?” वर्ग गप्प. असं काहीच नव्हतं.

मग व्होलरची गोष्ट यायची. सजीवांमधले पदार्थ सजीवांच्या शरीरातच तयार होतात, त्यासाठी एक खास जीवनशक्ती लागते, असं तेव्हा बरेच विद्वान मानत. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर अमोनियम सायनेट बनवायला गेला आणि त्याच्या हाती युरियाचे स्फटिक आले. मूत्रात सापडणारा पदार्थ काचेच्या भांड्यात तयार झाला होता. आम्ही धानाच्या मुलखातली मुलं, युरियाची पोती घरोघरी पाहिलेली. शेतात टाकायचा तो युरिया आणि आपल्या मूत्रातला युरिया एकच, हे कळल्यावर वर्गात केवढा गलका झाला होता! समजूत एका प्रयोगात मावळली नाही, तिला पुढे बरीच वर्षं लागली, हेही बाई सांगायच्या. विज्ञानातल्या गोष्टी त्या कधीही सोप्या करून फुगवत नसत, आणि याचं मोल मला आता जास्त कळतं.

प्रयोग मात्र साधे असायचे. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की गर्द निळा रंग. तीच पेज दुसऱ्या परीक्षानळीत घेऊन तिच्यात लाळ मिसळायची, नळी तळहातात धरून बसायचं आणि थोड्या वेळाने आयोडीन टाकायचं. आता निळा रंग येत नसे. लाळेतल्या विकराने (एन्झाइमने) पेजेतल्या स्टार्चचे तुकडे केलेले असत. अंड्याच्या पांढऱ्या बलकात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे थेंब टाकले की जांभळा रंग, म्हणजे प्रथिनं आहेत. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फसफसून फेस यायचा, उकडलेल्या फोडीवर काहीच नाही. इथे बाई सगळ्यात जास्त रेंगाळायच्या. उष्णतेने बटाट्यातलं विकर कुठे गेलं नाही, त्याचा आकार मोडला, आणि आकार मोडला की काम बंद. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. मण्यांचा क्रम ठरला की तिची घडी ठरते, आणि घडीवरून काम ठरतं. हे वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

बटाट्यावरूनच त्या कमला सोहोनींकडे वळायच्या. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्या हटल्या नाहीत म्हणून शेवटी द्यावा लागला. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचं काम करणारं सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांचं संशोधन. बटाटा आणि आपण पेशींमध्ये एकाच जातीचं प्रथिन वापरतो, हे एका मराठी बाईने साहेबाच्या देशात जाऊन दाखवलं, असं सांगताना बाईंचा चेहरा फुललेला असायचा. आम्ही मुली मान वर करून ऐकायचो.

आता माझ्या कामाविषयी. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत माहीत आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे बाईंच्या माळेतले मणी असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी साखळी तीच. पण व्हॅलिनला पाणी नको असतं. ऑक्सिजन सोडलेले रेणू त्या जागी एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांत संपते. त्यातूनच ते अंगदुखीचे झटके, ती कावीळ, तो थकवा.

विद्राव्यता चाचणीत नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण मूल वाहक आहे (दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (दोघांकडून आलेला), ते यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करायची. ग्लुटामिक आम्लावरचा ऋण प्रभार गेल्यामुळे हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे सावकाश सरकतं आणि त्याचा पट्टा मागे राहतो. एका अमिनो आम्लाचा फरक डोळ्यांना दिसतो. इतकी वर्षं हे काम करते आहे, तरी तो पट्टा बघताना मला बाईंची माळ आठवते.

अहवाल घ्यायला आलेली आई विचारते, “मॅडम, माझ्याकडून काही चुकलं का?” मी तिला कागदावर साखळी काढून दाखवते. हे कुणाच्या पापाने, नजरेने किंवा खाण्याने होत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो. न शिकलेल्या बायकांनाही हे नीट कळतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. समजावणाऱ्याने घाई करू नये, एवढंच. झटके कमी व्हावेत म्हणून डॉक्टर बऱ्याच रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात. व्होलरच्या त्या युरियाच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्त, की हे औषध झालं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते या औषधाने वाढतं आणि दोऱ्या बनायला अडथळा येतो.

महोत्सव समितीला एक विनंती. प्रयोगशाळेसाठी निधी जमतो आहे, त्यातला थोडा आयोडीन, मोरचूद, परीक्षानळ्या अशा साध्या साहित्यासाठी दरवर्षी राखून ठेवावा. नववी-दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना सिकलसेलची तपासणी प्रत्यक्ष दाखवायला मी साहित्य घेऊन येईन. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा कुठलाही शनिवार मला चालेल.