ट्रॅक्टर घ्यायचाय, पण कोणत्या देशाचा?

"भारतीय ट्रॅक्टर घेऊ नकोस. स्वस्त असतात खरे, पण का स्वस्त असतात ते तीन वर्षांनी कळतं." शेजारचा म्हातारा डेअरीवाला हे अगदी सहज बोलून गेला. माणूस देवगुणी आहे, आमच्या शेतातली गुरं रस्त्यावर गेली तर न सांगता हाकून आणतो. पण त्या वाक्याने माझं डोकं जे फिरलं, ते बरेच दिवस ठिकाणावर आलं नाही.

आमची जागा मेलबर्नच्या आग्नेयेला, दक्षिण गिप्सलँडमधल्या कोरम्बराच्या पलीकडे. शंभर एकरांच्या वर, आणि सपाट म्हणावं असं फक्त घराभोवतीचं अंगण. गुरं चराईवर घेतलेली, बाकी सगळं गवत. जागेसोबतच मिळालेला मॅसी फर्ग्युसन १३५ आता थकलाय. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन पन्नाशी उलटली तरी पहिल्या सेल्फला सुरू होतं, पण पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक नावापुरते, आणि ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. आपल्याकडचा मॅसी १०३५ याच्याच कुळातला. सांगलीकडे, पलूसला आमच्या वस्तीवर तोच होता, म्हणून याच्यावर माझा जरा जास्तच जीव.

दादाला फोन केला तर त्याचे प्रश्न ठरलेले. एचपी किती? भरलेली ट्रॉली ओढेल का? रोटर कितीचा चालेल? इथे यातलं काहीच कुणी विचारत नाही. इथला पहिला प्रश्न असतो, लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले उचलायचे लोखंडी हात, किती उचलतो. ओल्या गवताचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे असतात, एकेक सहाशे किलोंच्या वर जातो. तो पुढच्या काट्यांवर घेऊन निसरड्या उतारावरून गुरांपर्यंत न्यायचा. सगळं वजन पुढे आलं की मागची चाकं हलकी होतात, आणि साध्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्याच चाकांना. म्हणून मागे तोलाला वजन लावायचं. फोर व्हील ड्राइव्ह लावला की पुढची चाकंही ब्रेकला साथ देतात, त्यामुळे तो इथे चैनीत मोडत नाही. शिवाय गठ्ठा फार वर उचलला तर लोडरच्या दांड्यांवरून मागे घरंगळत थेट चालवणाऱ्यावर येतो. म्हणून केबिन. "एसी केबिन? गवताला?" दादाच्या मागून वहिनींचं हसूसुद्धा ऐकू आलं.

हसू देत. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस वाचावा म्हणून डोक्यावर जी लोखंडी चौकट असते, ती नव्या ट्रॅक्टरवर हवीच असा कायदा स्वीडनने १९५९ मध्ये केला. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात जुन्या ट्रॅक्टरांना ती बसवून घ्यावी म्हणून १९९७-९८ मध्ये सरकारने प्रत्येकी दीडशे डॉलर दिले होते. आमच्या १३५ वरची चौकट बहुधा तेव्हाचीच. आपल्याकडे दोन्ही मडगार्डांवर एकेक माणूस बसला नाही तर ट्रॅक्टर रिकामा चाललाय असं वाटतं. इथे पोराला शेडपासून गेटपर्यंत मांडीवर घेतलं तरी शेजारी फोन करून रागावतो. उन्हाळ्यात तर गवत कापायला निघताना आग विझवायला नऊ लिटर पाण्याचा पंप सोबत ठेवावाच लागतो. ब्लॅक सॅटरडेच्या वणव्यांत, ७ फेब्रुवारी २००९ ला, गिप्सलँडमध्ये चर्चिल गावाच्या बाजूला काय झालं ते इथे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे या नियमावर मी कुरकुर करत नाही.

कुरकुर आहे ती त्या 'भारतीय' शब्दावर. वर्षाला नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर ज्या देशात खपतात, नगांच्या हिशेबात जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर जिथली महिंद्रा बनवते, त्या देशाला ट्रॅक्टर कळत नाही म्हणे! आणि गंमत बघा, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या शेडमध्ये हिरवा जॉन डिअर उभा आहे, अमेरिकी कंपनीचा, ५ई मालिकेतला. मी मुद्दाम वाकून पाटी वाचली. भारतात बनलेला, बहुधा आपल्या पुण्याजवळच्या सणसवाडीचा. त्याला दाखवलं तर म्हणाला, "ते वेगळं. तो डिअर आहे." यावर बोलणार काय? तसं पाहिलं तर आपणही काही कमी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आपल्याच शेतकऱ्यांनी आधी नाकारला होता, लोखंडाने जमीन नासते म्हणून. किर्लोस्करवाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही गोष्ट मी त्याला साग्रसंगीत ऐकवली. त्याने मान डोलावली आणि दुधाच्या टँकरची वेळ झाली म्हणून निघून गेला.

त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. आपले ट्रॅक्टर ओढायला, चिखलणीला, उसाच्या ट्रॉलीला घडलेले. लोडरचं काम म्हणजे मिनिटाला चारदा पुढे-मागे. त्याला क्लच न दाबता, डाव्या हाताच्या दांड्याने दिशा बदलणारा गिअर हवा. तोही आता भारतीय ट्रॅक्टरांत मिळतो, पण मी ज्या मॉडेलवर अडून बसले होते त्याचा डीलर आमच्यापासून फार लांब. आणि इथे खरा प्रश्न डीलरचाच. पलूसला फिटर दोन पाने आणि एक पोरगा घेऊन बांधावर येतो. इथे माणूस लॅपटॉप घेऊन येतो, आणि मीटर त्याच्या वर्कशॉपपासून सुरू होतं. इथल्या ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये शेतीयंत्रांवर एक अहवालच काढला. दुरुस्तीची साधनं आणि माहिती अधिकृत डीलरांच्याच हातात अडकून राहते, हे त्यात नोंदलंय. म्हणजे ट्रॅक्टर निवडायचा नसतोच, अंतर निवडायचं असतं.

तर घेतला. कुबोटा, नारिंगी, केबिनवाला, लोडरसकट. डीलर पुढच्याच गावात आहे. म्हातारा येऊन टायरला लाथ मारून गेला, म्हणजे पसंत पडला.

रात्री दादाला फोटो पाठवला. "एवढं भाषण केलंस आणि शेवटी जपानी घेतलास?"

"फरीदाबादची एस्कॉर्ट्स २०२२ पासून कुबोटाच्याच ताब्यात आहे," मी म्हटलं. "नावसुद्धा एस्कॉर्ट्स कुबोटा झालंय."

"मग तुझा फरीदाबादला बनलाय?"

मी उसाला यंदा पहिला हप्ता किती मिळाला ते विचारलं.