कोंगोचा रियाज: पाल्मिएरींच्या मागोमाग सातव्या घरापर्यंत

मंडळी, मागच्या नोंदीच्या वेळी साल्सा संगीतातल्या कोंगोवर (हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल) साधा तुंबाओ, म्हणजे सतत फिरणारा मूळ ठेका, न अडखळता वाजत होता, पण क्लावे (सगळ्या ताफ्याला बांधून ठेवणारा पाच ठोक्यांचा साचा) लावली की हात बावचळायचे. आता दोन्ही एकत्र नांदायला लागलेत. हे कसं जमलं ते जरा खोलात लिहितो. आपल्यातले बरेच जण तबला-ढोलकीकडून इकडे आलेत, त्यांना याचा उपयोग होईल.

तीनतालाच्या सोळा मात्रा असतात तशी सोळा घरं डोळ्यांसमोर आणा. 3-2 सोन क्लावेचे (पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन) पाच ठोके 1, 4, 7, 11 आणि 13 या घरांवर पडतात. कोंगोचा मूळ तुंबाओ आठ घरांचा, म्हणजे दोनदा वाजवला की सोळा भरतात. डाव्या तळहाताची टाच, डाव्या बोटांची टोकं, उजव्या हाताची कडक चापट, परत टोकं, टाच, टोकं, आणि मग सातव्या-आठव्या घरावर दोन खुले, घुमणारे आघात. बेस (खर्जाचं तंतुवाद्य) पहिल्या घराला हातच लावत नाही. तो वाजतो 4 आणि 7 वर, पुढच्या अर्ध्यात 12 आणि 15 वर.

खरी मौज आहे ती इथे. पहिल्या अर्ध्यात बेस क्लावेच्या दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यावर बरोब्बर बसतो. दुसऱ्या अर्ध्यात क्लावे 11 आणि 13 वर, तर बेस 12 आणि 15 वर. आधी जुळणं, मग निसटणं, आणि गाणं संपेपर्यंत हेच. आपला कान समेची वाट बघत वाढलेला. इथे सगळ्यांचा भार सातव्या घरावर येतो आणि पुढचं पहिलं घर अधांतरी राहतं. हे डोक्याला पटकन कळतं, हाताला पटायला वेळ लागतो. मला उपयोगी पडलं ते असं: पायाने साधे चार ठोके धरायचे, क्लावे तोंडाने म्हणायची आणि हात तुंबाओवर सोडून द्यायचे. लय इतकी संथ ठेवायची की कंटाळा यावा. कंटाळा आला तरी वाढवायची नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये न्यूयॉर्कचे पियानोवादक आणि ताफ्याचे प्रमुख एडी पाल्मिएरी गेले, 88 व्या वर्षी. तेव्हापासून माझा रियाज त्यांच्याच रेकॉर्डवर चाललाय. 1961 मध्ये त्यांनी 'ला पेर्फेक्ता' हा ताफा उभा केला. त्या काळी बासरी-व्हायोलिनवाल्या चारांगा ताफ्यांची चलती होती. पाल्मिएरींनी बासरी ठेवली आणि व्हायोलिनच्या जागी ट्रॉम्बोन आणले. बॅरी रॉजर्स यांचा तो खरबरीत, अंगावर येणारा ट्रॉम्बोन ऐकला की पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं न्यूयॉर्क कसं वाजणार आहे याचा अंदाज येतो. पुढे साल्सात गाजलेले ट्रॉम्बोनवादक विली कोलोन यांच्या ताफ्याचा बाज इथूनच पुढे गेला, असं माझं ठाम मत आहे.

1965 च्या 'आसुकार पा ती' या तबकडीतलं 'आसुकार' हे माझं सध्याचं रियाजाचं गाणं. तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांच्या जमान्यात हे जवळपास नऊ मिनिटं चालतं. मधे पियानोचा मोठा टप्पा आहे. त्यात डावा हात तोच मोंतुनो (पियानोचा फिरून फिरून येणारा छोटा तुकडा) घोटत राहतो आणि उजवा स्वैर भटकून येतो. हा टप्पा वाजवताना मी तुंबाओत एकही जास्तीचा आघात घालत नाही. घालावासा फार वाटतो. पण तिथे कोंगोने जागा सोडली नाही, तर पियानोला उडायला आकाशच उरत नाही.

हे संगीत माणसं समोर नाचत असताना घडलं, हे विसरून ते शिकता येईल असं मला आता वाटत नाही. न्यूयॉर्कमधला, ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा पॅलेडियम हा नाचघर 1966 मध्ये बंद झाला. तोवर तिथे माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेझ यांचे ताफे एकमेकांशी ईर्षेने वाजवत. काळे, गोरे, पोर्तो रिकन, ज्यू, इटालियन, सगळे एकाच फरशीवर. वर्णभेदाच्या त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती. तिथले तरबेज नाचणारे पायाने धरलेल्या चारांपैकी दुसऱ्या ठोक्यावर पावलाची दिशा बदलत, आणि कोंगोची चापट पडते तीही तिथेच, तिसऱ्या घरावर (एका ठोक्याला दोन घरं). मेट्रोनोम बंद करून मी स्वतः ते पाऊल टाकत वाजवायला लागलो तेव्हा माझी चापट जागेवर आली. खुर्चीत बसून जे होत नव्हतं ते उभं राहून झालं.

जो काळ पाहिला नाही त्याची इतकी ओढ का लागावी? माझ्यापुरतं उत्तर त्या जागांमध्ये आहे. 26 ऑगस्ट 1971 ची न्यूयॉर्कच्या चीता क्लबमधली, फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या फानिया ऑल स्टार्स ताफ्याची रात्र ऐकताना प्रेक्षक हासुद्धा एक वादक वाटतो. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी 1964 मध्ये फानिया सुरू केली, तेव्हा तबकड्या गाडीच्या डिकीतून विकल्या जात. 1973 च्या ऑगस्टमध्ये त्याच ताफ्यासाठी यांकी स्टेडियमवर 40 हजारांहून जास्त माणसं आली. मोंगो सांतामारिया आणि रे बारेत्तो यांची कोंगोची जुगलबंदी रंगली तेव्हा लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले आणि कार्यक्रम तिथेच थांबला. संग्राहकांसाठी एक गोष्ट: 'लाइव्ह ॲट यांकी स्टेडियम' नावाने जे मिळतं त्यातला बराचसा भाग पोर्तो रिकोत, सान हुआनच्या रोबेर्तो क्लेमेंते कोलिसेओत रेकॉर्ड झालेला आहे. म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही, फक्त ऐकताना माहीत असावं.

क्युबन तालांची लाट त्याआधीच आपल्याकडेही पोचली होती. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि आल्डोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी मिळून केलेलं 'अलबेला'चं संगीत (1951) पुन्हा ऐका, आणि या वेळी कान फक्त तालवाद्यांकडे ठेवा. बोंगो (जोडीचे छोटे ढोल) लगेच हाताशी लागतील.

वाद्याबद्दल थोडं. पावसाळ्यात कोंगोचं कातडं सैल पडतं, खुला आघात घुमण्याऐवजी बद्द येतो. मी वाजवण्याआधी पान्याने सगळे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळतो आणि झालं की परत सैल करतो. ताणलेलं ठेवलं आणि हवा अचानक कोरडी झाली, तर कातडं फाटायची भीती असते. नट एका बाजूने ओळीने आवळत जाऊ नका, कडं तिरकं बसतं.

आता पुढचा टप्पा. गाण्यातला मोंतुनो नावाचा, तोच तुकडा फिरत राहणारा मोकळा भाग सुरू झाला की बोंगोवाला बोंगो खाली ठेवून हातात मोठी घंटा घेतो आणि अख्खा ताफा एका क्षणात रुंद होतो. त्या क्षणी माझा तुंबाओ अजून किंचित पुढे पळतो. घंटेच्या जाड आवाजाला टेकून राहायचं, तिच्याआधी धावायचं नाही, एवढंच काम या खेपेला घेतलंय. त्यासाठी 1958 ची पुएन्तेंची 'डान्स मेनिया' काढून ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाकडे तिंबालेस (काठीने वाजवायचे धातूच्या पिंपाचे ढोल) असतील आणि कास्कारा (त्यांच्या कडेवर वाजवायचा ठेका) बसला असेल, तर संथ लयीतलं रेकॉर्डिंग पाठवा. त्यावर मी कोंगो वाजवून परत पाठवतो.